पहिला नंबर, तरी मुक्काम तिथेच

गुणतालिकेत पहिला आलेला संघ वरच्या लीगमध्ये का गेला नाही, असं कुणीतरी विचारलंय. जर्मन फुटबॉलच्या चौथ्या पातळीचं, म्हणजे रेगिओनाललीगाचं, हेच तर दुखणं आहे! 2012 पासून तिचे पाच विभाग आहेत, पण तिसऱ्या लीगमध्ये जागा चारच. पश्चिम आणि नैऋत्य विभागांचे विजेते थेट वर जातात. उरलेल्या उत्तर, ईशान्य आणि बायर्न (बव्हेरिया) या तिघांपैकी एकाला आळीपाळीने थेट बढती मिळते आणि बाकीचे दोघे दोन सामन्यांत एकमेकांशी झुंजतात. म्हणजे वर्षभराची कमाई दोन संध्याकाळींवर पणाला!

ईशान्येच्या लोकोमोटिव्ह लाइपत्सिग या क्लबचंच बघा. 2020 मध्ये फेर्ल संघाविरुद्ध घरी 2-2, परतीच्या सामन्यात 1-1. एकही सामना हरले नाहीत, तरी एकूण बरोबरी झाल्यावर प्रतिस्पर्ध्याच्या मैदानावरचे गोल मोजले, ते कमी पडले म्हणून बाहेर. 2025 मध्ये पुन्हा ईशान्येत अव्वल, पुन्हा तीच लढत, आणि या वेळी हाफेल्झे संघाने अडवलं. 1903 च्या पहिल्यावहिल्या जर्मन विजेत्यांचा वारसा सांगणारा क्लब हो हा!

ईशान्येचे क्लब या नियमावर चिडलेत ते उगाच नाही. पाचही विजेते वर न्या, नाहीतर विभाग चार करा. पण विभाग कमी करायचे तर कुणाचा मोडायचा, इथेच घोडं अडतं.