खरबुजाच्या ब्लॉचवर (जिवाणूमुळे येणाऱ्या फळकुजीवर) यीस्ट चालतं का?

जतचा खरबूजवाला:
रामराम मंडळी. म्हैसाळ सिंचन योजनेचं पाणी आलं तसं आम्ही खरबुजात उतरलो. मल्चिंग, ड्रिप, सगळं रीतसर. मागच्या हंगामात माल तोडणीला आला आणि सालीवर बारीक खोलगट डाग दिसले. वरून काहीच वाटत नव्हतं, पण कापलं की आत गर कुजून पाणी झालेला. व्यापाऱ्यानं अर्धी गाडी बाजूला काढली. पुतण्या म्हणतोय, ब्राझीलमध्ये यीस्ट वापरतात. पावाचं यीस्ट आणि गूळ बॅरलमध्ये भिजवून ड्रिपनं सोडू का?

मिरजेचा रोपवाला:
दादा, तो बॅरल राहू द्या. ब्राझीलच्या संशोधकांनी पिचिया, रोडोटोरुला असली निवडक यीस्ट तपासली, ती या रोगासाठी म्हणूनच. आणि ती बियाण्याला किंवा पानांवर, ड्रिपमधून नाही. ब्लॉच करणारा ॲसिडोव्होरॅक्स हा जिवाणू बियाण्यातून येतो. यीस्ट आधी जाऊन बसलं तर जागा आणि खाणं अडवतं. जिवाणू आधी घुसला असेल, तर मागून यीस्ट ओतून काय होणार? बियाण्याच्या आत दडलेल्यापर्यंत ते पोहोचणंही अवघड.

आणखी एक, यीस्ट म्हणजे बुरशीच. बियाण्याला बुरशीनाशक चोळून वर यीस्ट लावलं, तर पैसे गेले.

फलटणकर:
आम्ही जीवामृत सोडतो, झकास चालतं.

मिरजेचा रोपवाला:
जमिनीला चालत असेल हो, पण ब्लॉच पानावर आणि फळावर असतो.

जतचा खरबूजवाला:
मग यंदा करू काय?

मिरजेचा रोपवाला:
रोपवाटिकेत जाऊन ट्रे स्वतः बघा. बीजपत्रांच्या (उगवल्यावरच्या पहिल्या जोडपानांच्या) खालच्या बाजूला पाणी झिरपल्यासारखे तेलकट चट्टे दिसले, तर तो ट्रे घेऊ नका, शेजारचेही नकोत. झारीनं वरून पाणी मारतात ना, तिथंच एका रोपाचं शंभरांवर जातं. रोप घेण्याआधी बियाण्याची तपासणी झाली का ते विचारा, पाकिटावरचा लॉट नंबर लिहून ठेवा.

शेतात फुलोऱ्यापासून कॉपरच्या औषधाची फवारणी सुरू करा, लेबलवरच्या मात्रेनं. फळ कोवळं असतं तेव्हाच जिवाणू आत शिरतो. सालीवर मेण चढल्यावर फवारून उपयोग नाही. अन् गेल्या वर्षीची वेलीची घाण, आपोआप उगवलेली खरबुजाची रोपं, बांधावरची शेरणी (खरबुजाच्याच कुळातली रानवेल), सगळं उपटून टाका.

जतचा खरबूजवाला:
शेरणी तर आमच्या बांधावर रग्गड आहे. उद्याच माणसं लावतो.