‘मीटर करार’ म्हटलं की विजेचं मीटर आठवतं, मग मराठीत काय म्हणायचं?

केतकी_व:
एका मासिकासाठी लेख मराठीत आणतेय. २० मे १८७५ ला पॅरिसमध्ये १७ देशांनी सह्या करून लांबी-वजनाची मापं जगभर एकच ठेवायचं ठरवलं, तो करार. मी ‘मीटर करार’ लिहिलं आणि आईला वाचायला दिलं तर ती म्हणाली, हे विजेच्या मीटरचं आहे का गं? इंग्रजीत निदान स्पेलिंग तरी वेगळं असतं, आपल्याकडे लांबीचा मीटर, विजेचं मीटर, रिक्षाचं मीटर सगळं एकच. शिवाय ‘स्टँडर्ड’ला मी ‘मानक’ लिहिलेलं, संपादकांनी सगळीकडे ‘प्रमाण’ केलं. काय ठेवू?

देशस्थ_पुणे:
संपादक बरोबर आहेत. मानक हे हिंदीतून आलेलं. आपल्याकडे प्रमाणवेळ आहे, प्रमाणभाषा आहे, मग प्रमाण किलोग्रॅम का नको? कराराला ‘आंतरराष्ट्रीय मापन करार’ म्हणा.

रानजाई:
प्रमाण शब्दावर आधीच किती ओझं आहे बघा. मिठाचं प्रमाण, पावसाचं प्रमाण, प्रमाणपत्र, आणि गणितात गुणोत्तर प्रमाण. ‘प्रमाणाचं प्रमाण’ अशी वाक्यं व्हायला लागतात. भारतीय मानक ब्यूरो हे नाव रोज पेपरात येतं, कुणाचं अडत नाही. हिंदीतून आला म्हणून शब्द परका होत नाही, दोन्हीकडे तो संस्कृतातूनच आलाय. ‘मापन करार’ मात्र मलाही पटतं, कारण १९२१ मध्ये दुरुस्ती करून त्यात विजेची वगैरे मापंही घेतली, तेव्हापासून तो नुसता मीटर-किलोचा राहिलाच नाही.

गालगागा:
मीटर काढू नका हो! आम्ही गझलवाले तर ‘ओळ मीटरमध्ये बसत नाही’ असं रोज म्हणतो. मूळ ग्रीक मेत्रॉन म्हणजे माप, आणि आपला संस्कृत ‘मा’ धातू त्याच घराण्यातला. माप, मान, मात्रा, परिमाण सगळी त्याची भावंडं. तेव्हा मीटरला परका म्हणणं मला पटत नाही.

देशस्थ_पुणे:
मी परका म्हटलेलंच नाही, संदिग्ध आहे म्हणतोय. आणि मान वरून आठवलं, ‘मानदंड’ घ्या की! आता आपण तो निकष या अर्थाने वापरतो पण मूळ अर्थ मोजायची काठी. कालिदासाने हिमालयाला पृथ्वीचा मानदंड म्हटलंय. आणि फ्रेंचांनी मीटर ठरवला तोही पृथ्वीवरूनच, उत्तर ध्रुव ते विषुववृत्त या अंतराचा एक कोटीवा भाग. याहून चपखल शब्द मिळणार नाही.

केतकी_व:
मीटरच्या पट्टीला छान आहे, पण किलोला काठी कशी म्हणू? किलोचा मूळ नमुना हा पॅरिसजवळ सेव्र गावात ठेवलेला प्लॅटिनम-इरिडियमचा दंडगोल ठोकळा आहे, ३९ मिलिमीटर उंच आणि तेवढाच रुंद, काचेच्या झाकणांखाली, आणि तिजोरीला तीन किल्ल्या तीन वेगळ्या लोकांकडे. त्याच्या प्रती देशोदेशी दिल्या, आपली ५७ नंबरची, दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेत.

तागडी:
त्याला ‘वजन’च म्हणतात ताई. आमचं बार्शीला किराणा दुकान होतं. किलोचं वजन म्हणजे लोखंडी षटकोनी, त्याला भोक पाडून आत शिसं भरलेलं आणि त्या शिशावर निरीक्षकाचा शिक्का. दर दोन वर्षांनी वजनं पासिंगला न्यायची, दोन पोती भरून, मी आणि वडील. कमी भरलं तर त्याच भोकात शिसं घालून बरोबर करायचे आणि परत शिक्का. शिसं कुणी खरवडलेलं दिसलं की वजन बाद. तुमचं ते पॅरिसचं ‘मूळ वजन’, बाकी सगळी त्याची पिल्लं.

विज्ञानशिक्षक:
वजन नव्हे, वस्तुमान! नववीची मुलं दरवर्षी इथेच चुकतात. वजन हे बल आहे आणि त्याचं एकक न्यूटन.

तागडी:
सर, मी वस्तूचं नाव सांगतोय. दुकानात हातात धरतो त्या लोखंडाला वजन म्हणतात, बाजारात ‘एक किलोचं वस्तुमान द्या’ म्हटलं तर काय मिळेल?

विज्ञानशिक्षक:
मान्य, पण लेख विज्ञानाचा आहे ना. आणि २० मे २०१९ पासून तो ठोकळा व्याख्येत उरलाच नाही, आता किलोग्रॅम प्लँकच्या स्थिरांकावर, म्हणजे निसर्गातल्या एका कधीच न बदलणाऱ्या आकड्यावर बेतलाय. शंभर वर्षांत मूळ ठोकळा आणि प्रती यांच्यात ५० मायक्रोग्रॅमच्या आसपास फरक पडला होता. धातूच्या तुकड्यावर जग किती दिवस चालवणार?

रानजाई:
म्हणजे किलोची व्याख्या बदलली आणि किलो तेवढाच राहिला. आपल्या तोळ्याचं बरोबर उलटं झालंय. आजीच्या पाच तोळ्यांच्या पाटल्या मोडायला नेल्या तर काट्यावर ५८ ग्रॅम. जुना तोळा ११.६६ ग्रॅमचा, आता सराफाकडे तोळा म्हणजे सरळ १०. शब्द तोच आणि आतलं सोनं कमी. म्हणून माझं म्हणणं, लोक वापरतात तो शब्द बरोबर, अर्थ काय तो शेजारी नीट लिहा.

देशस्थ_पुणे:
हे उदाहरण तुमच्याच विरुद्ध जातं! वापरावर सोडलं की असा घोळ होतो. १ ऑक्टोबर १९५८ पासून दशमान वजनं आली ती याचसाठी. आमच्याकडे बारा पायलीचा मण, बायकोच्या माहेरी सोळा पायलीचा. लग्नानंतर पहिल्या वर्षी सासऱ्यांनी दोन मण तांदूळ पाठवला तेव्हा आईने मोजून परत मोजला.

तागडी:
सोळाच बरोबर. बाराचा कुठला?

देशस्थ_पुणे:
रत्नागिरीकडचा. आणि पायली चार शेरांची.

गालगागा:
पायली चारच शेरांची, पण शिगोशीग की हात फिरवून सपाट, तेही सांगा. आमची आजी घरातल्यांना शीग देत असे आणि उसनं परत घेताना सपाट घ्यायची, माणुसकीने.

केतकी_व:
सगळ्यांचे आभार. ‘मापन करार’ आणि ‘मूळ वजन’ घेते बहुतेक. ‘मानक’ की ‘प्रमाण’ ते अजून ठरलं नाही आणि लेख शुक्रवारी द्यायचाय.

तागडी:
ताई, मानक. सर, ‘निळवं’ आणि ‘कोळवं’ ही धान्याची चिपट्याहून लहान मापं कुणी प्रत्यक्ष वापरलेली पाहिली आहेत का? आमच्याकडे चिपट्याच्या खाली मापच नव्हतं.