मदत हवी आहे : क्षारपड रानात सातूच्या वाणांची निवड

नमस्कार मंडळी. मी एमएस्सी (कृषी वनस्पतिशास्त्र) करतोय. शिरोळ तालुक्यात आमचं वीस गुंठे क्षारपड रान आहे. ऊस जळाला म्हणून सोडलेलं. तिथे सातूच्या (जवाच्या) वेगवेगळ्या वाणांच्या चाळीस ओळी लावल्या. मातीतला क्षार तिच्या विद्युतवाहकतेवरून (ईसी, डेसीसायमन प्रति मीटर) मोजतात; सातू ८ पर्यंत उत्पन्नात फारशी घट दाखवत नाही, गहू साधारण ६ ला ढिला पडतो, म्हणून सातू. (वडील विचारतात, खाणार कोण? सातूच्या पिठात हल्ली गहू आणि डाळंच जास्त.)

अडचण अशी. एकाच वाफ्यात ईसी एका टोकाला ५, दहा पावलांवर १३. पांढरी खपली आलेल्या जागी रोपं वीतभरही झाली नाहीत, शेजारच्या ओळीत ओंब्या भरलेल्या. मग वाण चांगला की जागा, कळायचं कसं? दर दहाव्या ओळीला तुलनेसाठी आरडी २७९४ हा क्षार सोसणारा सातूचा वाण लावलाय. पुरेल का, की प्रत्येक ओळीची ईसी वेगळी मोजून सहचल म्हणून घ्यावी (म्हणजे हिशेबात तिचा परिणाम वजा करावा)?

दुसरं, एबरहार्ट-रसेल पद्धतीने स्थिरता (जागा बदलली तरी वाण किती अपेक्षेप्रमाणे पिकतो ते) काढली, तर विचलन शून्याजवळ असलेले, म्हणजे स्थिर ठरलेले दोन वाण सगळीकडे सारखेच कमी पिकतात. असली स्थिरता काय कामाची! सरासरी उत्पन्न आणि स्थिरता एकत्र कशी जोखता? पानातलं सोडियम-पोटॅशियम गुणोत्तर (क्षार सोसण्याची एक खूण) कुणी निवडीसाठी वापरलंय का, आणि कोणत्या अवस्थेत पान घेता? रोपावस्थेत तगलेले काही वाण फुलोऱ्यात खचले, म्हणून विचारतोय.