उत्तर: सगळेच पैगंबरांचे वंशज नाहीत

वर एकांनी लिहिलंय की अरबांचे सगळे राजे पैगंबरांच्या कुळातले. तसं नाही. आज तो दावा सांगणारी मोठी घराणी दोनच, जॉर्डनचे हाशिमी आणि मोरोक्कोचे अलवी. सौदी अरेबियाचं सौद घराणं नज्दमधलं, म्हणजे मध्य अरबस्तानातलं; मूळ रियाधजवळच्या दिरियाचे स्थानिक सरदार. १७४४ च्या सुमाराला धर्मसुधारक मुहम्मद इब्न अब्द अल-वहाबशी त्यांचा करार झाला आणि तलवारीला धर्माची जोड मिळाली.

गंमत म्हणजे कुळाने उजवे असलेले हाशिमीच शेवटी हरले. मक्केचे शरीफ, म्हणजे तिथले हाशिमी अमीर, हुसेन यांनी १९१६ साली इंग्रजांच्या भरवशावर तुर्कांविरुद्ध बंड केलं. मुलगा फैसल १९२० मध्ये दमास्कसला राजा झाला, पण काही महिन्यांतच फ्रेंचांनी त्याला हाकललं. मग इंग्रजांनी १९२१ मध्ये त्याला इराक दिला! दुसरा मुलगा अब्दुल्ला, त्याच्या वाट्याला ट्रान्सजॉर्डन, म्हणजे आजचा जॉर्डन. १९२४ मध्ये तुर्कस्तानने खिलाफत मोडताच हुसेननी स्वतःलाच खलिफा जाहीर केलं, ते फारसं कुणी मनावर घेतलं नाही. त्याच वर्षी सौद घराण्यातल्या इब्न सौदच्या फौजा मक्केत शिरल्या.

हा इब्न सौद कुवेतमध्ये आश्रित म्हणून वाढला, १९०२ मध्ये मूठभर माणसं घेऊन त्याने रियाध परत मिळवलं. तेल सापडलं १९३८ मध्ये, म्हणजे राज्य आधी, पैसा नंतर. इराकची हाशिमी गादी १९५८ च्या लष्करी उठावात रक्तात बुडाली. उरली ती अब्दुल्लाची शाखा, अम्मानला.