मदत हवी आहे: बाहेरच्या डेकसाठी सागवान घेऊ की ऐन? शनिवारपर्यंत सांगायचंय

पाचोळा:
गावच्या घरामागे लाकडी डेक करायचा आहे, १८ बाय १० फूट. सुतार सोमवारी येतोय. वखारवाला म्हणतो शनिवारपर्यंत नक्की करा, नाहीतर माल दुसरीकडे जाईल. सागवानाचा भाव ऐकून घरचे ऐन घ्या म्हणतायत. ३२ घनफूट लागेल असं वखारीत सांगितलं, तेही जास्त वाटतंय. आणि पॉलिश कोणतं करायचं? फरशी घाला, पेव्हर ब्लॉक घाला असे सल्ले कृपया नकोत. डेक लाकडाचाच हवा आहे. जाणकारांनी लवकर सांगा.

गच्चीबाग:
डब्ल्यूपीसी (लाकडाचा भुसा आणि प्लास्टिक मिळून केलेल्या फळ्या) लावून मोकळे व्हा. आमच्या कोथरूडच्या गच्चीवर लावलंय. वाळवी नाही, तेलपाणी नाही, पावसाचं टेन्शन नाही. लाकडाच्या मागे लागलात की दरवर्षी सुतार शोधत फिराल.

सुतारपक्षी:
त्यांनी लाकूडच हवं म्हणून वर लिहिलंय की. पाचोळा, थोडी माहिती द्या. गाव कुठलं? वर छप्पर आहे का? खाली माती की कोबा? लाकूड कधी कापलेलं आहे? याशिवाय साग की ऐन हे कुणालाही सांगता येणार नाही.

पाचोळा:
गुहागर तालुका. छप्पर नाही, छप्पर टाकलं तर समुद्र कसा दिसणार? खाली कोबा आहे. लाकूड वखारीत आहे, ऑर्डर दिली की कापून देतील. बाकी नेहमीसारखंच.

सुतारपक्षी:
"कापून देतील" म्हणजे ओंडका आत्ता कापणार. इथेच खरी अडचण आहे. इंचभर जाडीच्या फळीला सावलीत, हवेशीर थप्पी लावून सुकायला साधारण वर्ष लागतं असा आमच्याकडे हिशोब धरतात. ओली फळी सोमवारी ठोकली तर मार्च-एप्रिलच्या उन्हात आडवी आकसेल, पीळ खाईल, स्क्रू ओढून घेईल. सागवान त्यातल्या त्यात कमी हलतं, ऐन फार. ऐन चिवट आणि जड आहे, कोकणातल्या घरांचे वासे-तुळया त्याच्या असतात. पण त्या छपराखाली. उघड्यावर ऐनाच्या फळीला उन्हाने उभ्या चिरा जातात आणि त्या चिरेत पाणी बसतं. माझं मत विचाराल तर वर चालायच्या फळ्या सागाच्या, खालचे वासे ऐनाचे किंवा किंजळीचे. दोन्हीही सुकलेले. घरचे म्हणतात ते अर्धं बरोबर आहे.

३२ घनफुटाचंही सांगतो. १८० चौरस फूट आहे. रंधा मारून इंचभर उरायला फळी सव्वा इंचाची कापावी लागते, तेच पावणेएकोणीस घनफूट झालं. १६ इंचांवर एक असे दोन बाय तीनचे वासे धरले तर सव्वासहा. बेरीज २५. त्यात सालीजवळचं पांढरं लाकूड आणि गाठी काढून टाकायच्या, म्हणजे ३०. वखारवाल्याने फार चढवून सांगितलेलं नाही.

हिरडाबेहडा:
वनखात्यात नोकरी झाली म्हणून लिहितो. वखारीतून माल उचलताना बिल आणि वाहतूक पासाची नक्कल मागून घ्या. आणि घरच्या परड्यातला साग तोडून स्वस्तात काम करू असा विचार कुणाच्या डोक्यात असेल तर आधी परवानगी काढा. महाराष्ट्रात १९६४ चा वृक्षतोड नियमनाचा कायदा आहे. अनुसूचित झाडं स्वतःच्या जमिनीतली असली तरी परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. त्यात साग, ऐन, किंजळ, फणस, आंबा, जांभूळ, खैर सगळी आली.

पाचोळा:
झाड तोडायचं नाहीये. विकतच घेतोय.

हिरडाबेहडा:
चांगलं आहे. तुमच्यासाठी नाही, पुढे हा धागा वाचणाऱ्यांसाठी लिहिलं. आणखी एक. "साग" एवढं ऐकून पैसे देऊ नका. टिकतो तो सागाचा गाभा. पंधरा-वीस वर्षांच्या लागवडीतल्या झाडाला सालीकडचा पांढरा भाग बराच असतो, त्याला वाळवी आणि बुरशी आंब्याच्या लाकडासारखीच लागते. फळीच्या दोन्ही कडा बघून घ्या. कडेला फिकट पिवळसर पट्टा दिसला की ती फळी बाजूला काढायची. चंद्रपूरकडचं सीपी टीक आहे, बर्मा आहे असं सांगतील. नावाला भुलू नका, टोकाकडून वाढीच्या कड्या (वलयं) बघा आणि रंग बघा.

जर्सीकर:
इथे न्यू जर्सीत सगळे डेक प्रेशर ट्रीटेड (दाबाने रसायन मुरवलेल्या) पाइनचे. स्वस्त पडतं आणि माझा डेक बर्फातही उत्तम टिकलाय. पूर्वी त्यात आर्सेनिकवालं सीसीए नावाचं रसायन वापरायचे, २००४ पासून घरगुती वापरासाठी ते बंद झालं, आता तांब्याचे क्षार वापरतात. तिकडेही ट्रीटेड पाइन मिळत असेल, बघा. सागाचा डेक ही चैन आहे.

सुतारपक्षी:
जर्सीकर, ट्रीटेड म्हणून इथे काय मिळतं ते तपासायला हवं. बोरॅक्स-बोरिकमध्ये बुडवलेलं लाकूड पुष्कळ ठिकाणी विकतात. घरात ते उत्तम. उघड्यावर बोरॉन पावसाने धुऊन निघून जातो. कोकणात तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, किती काळ टिकणार?

खाडीकाठ:
आमच्याकडे होड्यांना काजूच्या टरफलांचं तेल लावतात. पिढ्यान् पिढ्या चालत आलंय. वाळवी जवळ येत नाही, पाणी शिरत नाही. सागाला ते तेल लावा, दुसरं काही लागणार नाही. पॉलिशवाल्यांचे चोचले सोडा.

ऋतुगंध:
खाडीकाठ, ते तेल हाताला लागलं तर फोड येतात. टरफलात बिब्ब्यासारखंच दाहक द्रव्य असतं. डेकवर मुलं अनवाणी फिरणार, उघड्या अंगाने लोळणार. होडीच्या बाहेरच्या अंगाला लावणं निराळं.
(थोडं विषयांतर: आमच्या ओटीवरच्या फणसाच्या झोपाळ्याच्या पाटाला काय लावावं? तो घरातच आहे.)

खाडीकाठ:
पूर्ण वाळू दिलं तर काही होत नाही. वाळायला वेळ द्यावा लागतो, लोकांना धीर नसतो. पण मुलांचं म्हणता ते पटतं. वासे खालून रंगवायला तरी वापरा, तिथे कुणाचं अंग लागत नाही. हातमोजे मात्र घालाच.

सुतारपक्षी:
ऋतुगंध, झोपाळ्याला मेण चालेल. वेगळा धागा काढा, तिथे सविस्तर सांगतो.

पाचोळा:
पॉलिशचं कुणी बोलतच नाहीये. मागच्या वेळी पीयू (पॉलियुरेथेन) मारलं होतं, ते सगळं पापुद्र्यासारखं सुटलं.

सुतारपक्षी:
"मागच्या वेळी"? आधी डेक होता का तिथे?

पाचोळा:
हो, त्याच जागी. तोच काढून नवीन करतोय. तोही सागाचाच होता, चार पावसाळ्यांत कुजला. म्हणून तर विचारतोय की साग घ्यावा का. फोटो टाकतोय.

सुतारपक्षी:
हे पहिल्या ओळीत यायला हवं होतं, सगळं उत्तर त्यात आहे. फोटो मोठा करून पाहिला. वरच्या फळ्या करड्या पडल्यात, पण त्या धडधाकट आहेत. कुजलेत ते वासे, आणि तेही खालच्या बाजूने. तिसऱ्या फोटोत वाशाच्या बुडात पेन खुपसलाय तो बोटभर आत गेलाय. वासा थेट कोब्यावर टेकवलाय आणि वासे आडवे टाकल्यामुळे पाणी वाहायची वाटच बंद झाली. शिवाय पालापाचोळा अडकून ओला गाळ साठला. लाकडात पाण्याचं प्रमाण २० टक्क्यांच्या खाली राहिलं तर कुजवणारी बुरशी वाढत नाही. तुमचे वासे जूनपासून ऑक्टोबरपर्यंत पाण्यात बसलेले. तिथे साग घाला की ऐन, दोन्ही जाणार. नवीन डेकही असाच बसवला तर पैसे पुन्हा पाण्यात जातील.

पाचोळा:
मग करायचं काय? कोबा फोडायचा?

सुतारपक्षी:
फोडायची गरज नाही. कोब्याला घरापासून बाहेर उतार आहे का ते बादलीभर पाणी ओतून बघा. वासे उताराच्या दिशेने टाका. वाशाखाली दीड-दोन फुटांवर ग्रॅनाइटचे तुकडे किंवा प्लास्टिकचे ठोकळे ठेवून दोन इंच तरी उचला, हाताने किंवा झाडूने खालचा पाला काढता आला पाहिजे. वाशाच्या डोक्यावर डांबरी पट्टी चिकटवा, कारण स्क्रूच्या भोकातून पाणी तिथेच उतरतं. फळ्या चार इंचांहून रुंद नकोत. दोन फळ्यांत ५-६ मिलिमीटर फट ठेवा. आणि कापलेल्या प्रत्येक टोकाला दोन-तीन वेळा तेल पाजा. लाकूड सगळ्यात जास्त पाणी टोकाकडून पितं, हे काम सुतार नेहमी टाळतात.

खाडीकाठ:
फळीची सालीकडची बाजू वर ठेवायला सांगा त्यांना.

गच्चीबाग:
उलट. गाभा वर ठेवायचा असतो.

सुतारपक्षी:
दोघेही अर्धे बरोबर. सुकताना फळीच्या कडा सालीच्या बाजूला उचलतात. ओली फळी साल वर करून ठोकली तर सुकल्यावर तिची परात होते आणि पाणी साठतं. नीट सुकलेली असेल तर साल वर ठेवावी, पावसात मधोमध फुगते आणि पाणी कडांनी निघून जातं. म्हणूनही सुकलेलंच लाकूड घ्या.

आता पॉलिश. पीयू, व्हार्निश, मेलामाइन, म्हणजे ज्यांचा काचेसारखा थर बसतो ते काहीही नको. लाकूड हलतं, थराला तडा जातो, पाणी आत शिरून अडकतं. ऊन थराच्या खाली जाऊन लाकडाचा पृष्ठभाग सैल करतं, मग पापुद्रे. बाहेर मुरणारं तेल हवं. डेकसाठी मिळणारं रंगकण असलेलं तेल सगळ्यात बरं, रंगकण उन्हाला अडवतात. ते परवडत नसेल तर बेलतेलात (उकळलेल्या जवसाच्या तेलात) टर्पेंटाइन घालून पातळ हात द्या, अर्ध्या तासाने जादाचं पुसून काढा. कच्चं जवसाचं तेल नको, आपल्या दमट हवेत ते वाळत नाही आणि त्यावर काळी बुरशी धरते.

जर्सीकर:
एक महत्त्वाचं. जवसाच्या तेलाचे बोळे चुरगळून कोपऱ्यात टाकू नका. तेल वाळताना उष्णता निघते, बोळा आपोआप पेट घेऊ शकतो. पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवा. हे सगळीकडे सारखंच लागू आहे.

हिरडाबेहडा:
आणि स्क्रू? समुद्र जवळ आहे ना?

पाचोळा:
घरातून दिसतो. सुतार जीआयचे (जस्त चढवलेल्या लोखंडाचे) स्क्रू आणतो म्हणाला.

हिरडाबेहडा:
जीआय नको. खाऱ्या वाऱ्यात जस्त जातं, मग लोखंड आणि लाकडातलं टॅनिन (तुरट द्रव्य) मिळून प्रत्येक स्क्रूभोवती काळा डाग उठतो. ऐनात तर फारच. ३१६ नंबरचं स्टेनलेस घ्या, ३०४ वर समुद्राकाठी तांबूस डाग येतात. आधी भोक पाडूनच स्क्रू बसवा. जुन्या फळ्यांवरचे काळे डाग ऑक्झॅलिक ॲसिडने निघतील, नंतर पाण्याने चांगलं धुवायचं.

पाचोळा:
जुन्या फळ्या? त्या तर जळणाला काढणार होतो.

सुतारपक्षी:
अहो, जाळू नका! त्या साग आहेत, पूर्ण सुकलेल्या आहेत आणि गाभ्याच्या दिसतायत. करडा रंग वरवरचा आहे. उलटी बाजू वर करून रंधा मारला तर खालून लालसर साग निघेल. जाडी किती आहे?

पाचोळा:
आत्ता मोजली. सव्वा इंच. एक फळी घासून बघितली, खरंच वास अजून सागाचा येतोय. मग वखारीतून फक्त वासे घेऊ का? ऐनाचे सुकलेले मिळतील का विचारतो. सुतारालाही पुढचा आठवडा सांगतो.

सुतारपक्षी:
सव्वासहा घनफूट वासे लागतील, सात सांगा. ओले असतील तर घेऊ नका. जुन्या घराच्या मोडीतले वासे मिळाले तर सर्वात उत्तम, फक्त खिळे काढून घ्या, रंध्याचं पातं जाईल. तेलाचा पहिला हात आत्ता आणि मे महिन्यात पावसाआधी दुसरा. नंतर दरवर्षी दिवाळीला पाण्याचे थेंब टाकून बघा. थेंब गोल राहिला तर तेल आहे, पसरून मुरला तर हात द्यायचा.

गच्चीबाग:
पावसाळ्यात शेवाळ धरेल त्याचं काय? आमच्या डब्ल्यूपीसीवर हात फिरवला की निघतं.

ऋतुगंध:
नारळाच्या सोडणाने साबणाच्या पाण्यात घासलं की निघतं, आमच्या अंगणातल्या बाकाचं तसंच करतो. पण प्रेशरचा पाइप जवळून मारू नका, लाकडाचे तंतू उभे राहतात आणि पायात कुसळं जातात. गच्चीबाग, दुपारी दोनला तुमच्या डेकवर अनवाणी उभं राहता येतं का?

गच्चीबाग:
एप्रिलमध्ये नाही. चप्पल लागते.

पाचोळा:
वखारवाल्याला फोन केला. किंजळीचे वासे आहेत, दोन वर्षं शेडमध्ये पडून असलेले. उद्या सकाळी जाऊन बघतो. टोकाकडून काय बघायचं ते कुणीतरी आज रात्री लिहून ठेवा.