गांजा कायदेशीर करायचा का? आणि करायचा म्हणजे नेमकं काय करायचं?

टपरीवरचे_तात्या

२०२१ मध्ये सोलापूर जिल्ह्यातल्या एका शेतकऱ्याने कलेक्टरकडे अर्ज केला होता, आठवतंय का कोणाला? कुठल्याच मालाला भाव मिळत नाही, गांजाला मिळतो, तर दोन एकरात लावायची परवानगी द्या. पोलिसांनी स्टंट म्हणून विषय मोडीत काढला, व्हॉट्सअपवर चार दिवस हसून झालं आणि संपलं. मला तो अर्ज अजिबात येडपट वाटला नाही.

हे झाड आपल्याकडे नवीन नाही. इंग्रजांनी १८९३-९४ मध्ये अख्खा आयोग नेमून गावोगाव साक्षी घेतल्या आणि निष्कर्ष काय काढला, तर बेताने घेणाऱ्याला फारसा अपाय नाही, अति करणाऱ्याला आहे, सरसकट बंदी नको. नंतर अमली पदार्थांवरचा १९६१ चा आंतरराष्ट्रीय करार आला, त्यात गांजा बंद करायला २५ वर्षांची मुदत मिळाली, ती संपत आल्यावर १९८५ मध्ये एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थविरोधी कायदा केला. तोपर्यंत देशात कित्येक ठिकाणी सरकारी लायसन्सच्या दुकानात गांजा मिळायचा.

माझं म्हणणं सरळ आहे. दुकानं आत्ता उघडू नका. पण स्वतःपुरता ओढणाऱ्याला गुन्हेगार ठरवणं बंद करा, आणि लागवडीला लायसन्स द्या, औषधासाठी, धाग्यासाठी, ज्याला द्यायचं त्याला. गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे ना महाराष्ट्रात? मग आमच्या इथे कुठल्या टपरीवर मिळत नाही ते सांगा. बंदीने माल जात नाही, फक्त भाव वाढतो आणि हप्ता वाढतो.

ठाणेकर_सिस्टर

तात्या, गुटख्याचं उदाहरण देऊन तुम्ही स्वतःचाच मुद्दा पाडलात. बंदी नीट राबवली जात नाही म्हणून बंदी काढा, हे कुठलं लॉजिक? मग हेल्मेटसक्ती पण काढा.

मी व्यसनमुक्तीच्या वॉर्डात काम केलंय, आणि गांजाने काही होत नाही म्हणणाऱ्यांना एक दिवस तिथे बसवायला पाहिजे. दारूवाला पेशंट घरच्यांना ओळखू येतो, वास येतो, झोकांड्या जातात. गांजाचा पोरगा घरात असतो, अभ्यासाला बसतो, आईला वाटतं दमलाय. मग हळूहळू सुरू होतं, शेजारचे माझ्याबद्दल बोलतात, मोबाईलमधून कोणीतरी ऐकतंय, जेवणात काहीतरी घातलंय. तोवर दोन वर्षं गेलेली असतात आणि घरचे आधी देवऋषी करून मग आमच्याकडे येतात. एक तर सतत उलट्या होतात म्हणून आलेला, सगळ्या तपासण्या नॉर्मल, आणि आई म्हणाली की गरम पाण्याच्या शॉवरखाली तास तास उभा राहतो तेव्हाच बरं वाटतं त्याला. तिथे सीनियर डॉक्टरांच्या डोक्यात प्रकाश पडला, रोज गांजा ओढणाऱ्यांत हे दिसतं.

२०१९ मध्ये लॅन्सेट सायकिअ‍ॅट्रीत युरोपातल्या शहरांचा मोठा अभ्यास आला होता, रोज ओढणाऱ्यांमध्ये सायकोसिसची, म्हणजे वर सांगितलं तसल्या भास-संशयाच्या आजाराची, शक्यता साधारण तिप्पट, आणि कडक माल रोज ओढणाऱ्यांत जवळपास पाचपट. आणि इंग्रजांच्या आयोगाचं काय सांगता, तेव्हाचा माल आणि आजचा माल एक आहे का? अमेरिकेत पकडलेल्या मालात १९९५ च्या सुमारास ४ टक्के टीएचसी (नशा आणणारा घटक) असायचं, आता १५ च्या आसपास.

वकील_नाही_पण

भांडा निवांत, पण आधी कायदा काय आहे तो बघा, अर्ध्या लोकांना माहीतच नसतो.

एनडीपीएसमध्ये गांजा म्हणजे झाडाचा फुलोरा. नुसती पानं आणि बिया, सोबत फुलोरा नसेल तर, गांजाच्या व्याख्येत येत नाहीत. म्हणून भांग केंद्राच्या कायद्यातून सुटते आणि राज्यांच्या हातात जाते. यूपी-राजस्थानात तिचे सरकारमान्य ठेके आहेत, आपल्याकडे १९४९ चा दारूबंदी कायदा आडवा येतो. १ किलोपर्यंत गांजा म्हणजे अल्प प्रमाण, २० किलोच्या वर गेलं की व्यावसायिक, तिथे १० ते २० वर्षं आणि जामीन जवळपास विसरा. नुसतं सेवन केलं तरी ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा १० हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. आणि लागवडीला अल्प-बिल्प काही नाही, १० वर्षांपर्यंत शिक्षा, झाडं किती हा प्रश्नच वेगळा.

आता ज्यावर कोणी बोलत नाही ते. याच कायद्यात कलम ६४अ आहे, व्यसनी माणूस स्वतःहून उपचाराला तयार झाला तर अल्प प्रमाणाच्या केसमध्ये खटल्यापासून सूट मिळू शकते. कागदावर चांगलंय. नाक्यावर पकडलेल्या हमालाला हे कोण सांगतं? त्याच्या खिशातून एक पुडी निघते, लॅबचा रिपोर्ट यायला वेळ, तारखांवर तारखा, रोजगार बुडतो, शेवटी तो गुन्हा कबूल करून दंड भरून मोकळा होतो आणि रेकॉर्डला नाव कायमचं. टॉवरमधल्या पोराचा वकील गाडी पोलीस स्टेशनला पोचायच्या आधी पोचलेला असतो.

तात्यांच्या पहिल्या मागणीला म्हणून माझा पाठिंबा. सेवनाचं कलम काढा. बाकीचं नंतर.

बम_बम_नाशिककर

शंकराचा प्रसाद आहे तो, त्यावर बंदी घालणारे तुम्ही कोण. कुंभात साधूंच्या चिलमी पेटतात तेव्हा पोलीस बाजूला उभे राहून बंदोबस्त करतात, तेव्हा कुठे जातो एनडीपीएस? सिंहस्थ आला की बघा परत. अथर्ववेदात पण भांगेचा उल्लेख आहे, आपलीच वनस्पती, आणि फॉरेनवाले ऑईल काढून आपल्यालाच विकणार.

ठाणेकर_सिस्टर

आला प्रसादवाला. देवाच्या नावावर काय काय खपवणार? आपल्याच तुकोबांनी तोंडात तमाखूची नळी आणि पुढ्यात भांग घेऊन बसणाऱ्या संतांना कसं झोडपलंय ते गाथेत बघा जरा. परंपरा दोन्ही बाजूंनी आहे, सोयीची तेवढी उचलू नका.

सातपुड्याच्या_पायथ्याशी

तात्या, शेतकऱ्याचं नाव काढलं म्हणून लिहितो, नायतर मी फक्त वाचणारा.

मी शिरपूर भागातला. दर वर्षी पेपरात वाचता ना, शिरपूर तालुक्यात गांजाची शेती उद्ध्वस्त, एवढे लाखाचा मुद्देमाल, फोटोत पोलीस झाडं धरून उभे. आता खरी गोष्ट ऐका. कपाशी आणि तुरीच्या मधल्या ओळीत लावतात, बाहेरून दिसत नाही, तूर उंच झाली की झाकलं जातं. फुलोऱ्यावर आलं की मात्र वाऱ्याने वास येतोच, बांधावरून जाणाऱ्याला पण कळतं. छापा पडला की झाडं मुळासकट उपटून गठ्ठे बांधतात, ओलं वजन होतं, पानं काड्या माती सगळं धरून, ट्रॅक्टर भरतो आणि आकडा पेपरात जातो. जमीन बऱ्याचदा वनखात्याची, सातबारा कोणाचाच नाही, मग सापडतो कोण तर राखणीला ठेवलेला आदिवासी पोरगा. बियाणं देणारा, पैसे लावणारा, माल उचलणारा, हे तीन माणसं मी तरी फोटोत कधी पाहिले नाय.

पण म्हणून लायसन्स द्या म्हणता ते मला पटत नाय भो. लायसन्स कोणाला मिळेल? ज्याच्याकडे तारेचं कुंपण, कॅमेरा, लॅब आणि मुंबईत ओळख, त्याला. उत्तराखंडने २०१८ पासून हेम्पची (गांजाचीच कमी नशेची, धाग्याची जात) लागवड खुली केली, अट काय तर टीएचसी ०.३ टक्क्याच्या आत. वर गेलं तर उभं पीक नष्ट. माझ्यासारख्या पाच एकरवाल्याने ते मोजायचं कुठं? कापूस विकायला सीसीआयच्या केंद्रावर ओलावा मोजताना किती वाद होतात ते येऊन बघा एकदा, आणि इथे तर थेट जेलचा विषय.

मिसिसागा_मराठी

कॅनडातून लिहितोय. इथे १७ ऑक्टोबर २०१८ पासून कायदेशीर आहे, खिशात ३० ग्रॅमपर्यंत चालतं. लोक समजतात की कायदेशीर झालं म्हणजे रस्तोरस्ती झिंगलेली माणसं. तसं काही झालेलं नाही. आमच्या प्लाझात देशी किराण्याच्या दोन दुकानं सोडून वीड स्टोअर आहे, बाहेरून आत काही दिसत नाही, आत जाताना आयडी, पाकीट असं साधं की औषधाच्या दुकानातलं वाटेल, वर पिवळा इशारा. १९ वर्षांखाली विक्री नाही. ताब्यात बाळगल्याबद्दलचे गुन्हे जवळपास संपले आणि काळ्या बाजाराचा मोठा भाग सरकारी साखळीत आला, हे झालंय.

काय वाईट झालं ते पण सांगतो. गमीज, म्हणजे गांजा घातलेल्या गोड गोळ्या. आईबाबांनी आणलेल्या पाकिटातली गोळी पोर चॉकलेट समजून खातं आणि इमर्जन्सीत जातं, लहान मुलांच्या केसेस खूप वाढल्या. क्यूबेकने मात्र असल्या गोळ्या-चॉकलेटी विकूच दिल्या नाहीत, तिथे ही वाढ बरीच कमी दिसली. म्हणजे कायदेशीर करा किंवा नका करू एवढाच प्रश्न नसतो, कुठल्या रूपात विकता त्यावर बरंच ठरतं. आणि हो, लिफ्टमधला वास. आमच्या मातोश्री सहा महिने राहायला आल्या होत्या, पहिला आठवडा बिल्डिंगमध्ये स्कंक (इकडचा घाण वास सोडणारा प्राणी) घुसलाय असंच समजत होत्या.

ठाणेकर_सिस्टर

मिसिसागा, तुमच्याकडे आयडी बघतात हो. महाराष्ट्रात कडक दारू प्यायला वय २५ आहे आणि वर परवाना लागतो, कायद्याने. कुठल्या वाईन शॉपमध्ये काउंटरवरच्या माणसाने कोणाला वय विचारलेलं पाहिलंय? कॉलेजच्या पोराला खंबा मिळतो तिथे तुमचं पिवळं लेबल काय करणार.

आणि आकडे बघा ना. एम्सने २०१९ ला देशभराचा सर्व्हे दिला, दारू पिणारे १६ कोटी, गांजा-चरस ओढणारे १.३ कोटी. हा फरक कशाने? एक कोपऱ्यावर मिळते, दुसऱ्यासाठी कोणाला तरी गाठावं लागतं. तेवढ्या अडचणीमुळे कित्येक पोरं वाचतात, तेवढी अडचण राहू द्या.

टपरीवरचे_तात्या

सिस्टर, सर्व्हे अर्धा सांगू नका. त्याच सर्व्हेत भांग घेणारे २.२ कोटी आहेत, म्हणजे गांजा-चरसवाल्यांपेक्षा जास्त, आणि ती तर सरकारी ठेक्यावर मिळते. कुठे भांगेने राज्यं बुडाली? आणि थाळीवाजा-छाप टीव्ही चॅनेल्सनी २०२० मध्ये अख्खं वर्ष काही ग्रॅमवरून जो तमाशा केला त्याने कोणाचं व्यसन सुटलं?

बाकी मी दुकान उघडा म्हणालोच नव्हतो, वर वाचा. तुम्ही दुकानाशी भांडताय.

ठाणेकर_सिस्टर

भांगेत आणि कडक मालात टीएचसीचा फरक किती हे तुम्हालाही माहितीये तात्या. आणि आज दुकान नको म्हणता, उद्या महसूल दिसला की कोण थांबणार? चंद्रपूरची दारूबंदी २०१५ ला लावली आणि २०२१ ला उठवली. गावातल्या बायकांनी मोर्चे काढून मिळवलेली होती ती.

रात्रपाळी

मी विमानतळाच्या आसपास काम करतो एवढंच सांगतो. थायलंडने जून २०२२ ला गांजा अमली पदार्थांच्या यादीतून काढला, आधी फक्त औषधासाठी म्हणाले, नियम नंतर बनवू म्हणाले, आणि नियम बनेपर्यंत बँकॉकमध्ये गल्लोगल्ली हिरव्या पानाचे बोर्ड. २०२५ च्या जूनमध्ये परत डॉक्टरची चिठ्ठी सक्तीची केली. मधल्या काळात मुंबईला काय आलं? हायड्रो, म्हणजे मातीशिवाय पाण्यावर वाढवलेला कडक गांजा. बँकॉकच्या फ्लाइटने ट्रॉली बॅगेत, खाण्याच्या पाकिटात व्हॅक्युम करून. आणणारे कोण, तर फुकट ट्रिप आणि वर थोडे पैसे म्हणून तयार झालेली पोरं, त्यातल्या अर्ध्यांना माहीत पण नसतं की २० किलोच्या वर गेलं तर जामीन नाही. आंध्र-ओडिशा सीमेवरून ट्रेनने येणारा माल वेगळा, तो गरिबांचा. हायड्रो पैसेवाल्यांचा. दोन्ही चालू.

तेव्हा तात्या, औषधासाठी लागवड हे वाक्य मी थायलंडच्या तोंडून ऐकलेलं आहे. गोव्यात पण डिसेंबर २०२० मध्ये औषधी लागवडीचा प्रस्ताव कायदा खात्यातून पुढे सरकला होता, बोंबाबोंब झाल्यावर मुख्यमंत्र्यांनी हात झटकले.

वकील_नाही_पण

थायलंडने लागवड आणि विक्री एकदम मोकळी सोडली आणि नियम मागून आणले. त्याचा सेवनाच्या कलमाशी संबंध काय? जर्मनीने एप्रिल २०२४ पासून बाहेर २५ ग्रॅम, घरी तीन झाडं एवढं माफ केलं, पण दुकानं उघडली नाहीत, क्लबमधूनच मिळतं. तिकडेही वाद आहेत, पण मधला रस्ता असतो.

सिस्टर, एक थेट प्रश्न. तुमच्या वॉर्डात आलेल्या पोरांपैकी पोलिसांनी पकडलं म्हणून वेळेवर उपचार मिळाले असे किती? आणि पकडतील या भीतीने घरच्यांनी लपवून ठेवले असे किती?

ठाणेकर_सिस्टर

पकडल्यामुळे आलेले फार नाहीत. लपवलेले भरपूर, हे मान्य. एकीने तर केस पेपरवर गांजा लिहू नका म्हणून माझा हात धरला होता, नोकरीच्या व्हेरिफिकेशनमध्ये येईल म्हणून. पण ती लाज कायदा बदलल्याने जाणार आहे का? दारू कायदेशीर आहे तरी लोक लपवतातच की.

सेवनाचं कलम काढायचं तर काढा, पण त्याच दिवशी जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यात मानसोपचाराचे बेड आणि समुपदेशकाची भरलेली पोस्ट दाखवा. आधी ते, मग तुमचं विधेयक. उलट्या क्रमाने मी तयार नाही.

सातपुड्याच्या_पायथ्याशी

आमच्याकडून त्या बेडपर्यंत यायला एसटी सकाळी एक आणि दुपारी एक, तेवढं धरून चाला.

बाकी हिमाचलच्या विधानसभेने २०२४ ला लागवडीचा अहवाल मंजूर केला आणि आता कृषी विद्यापीठाला प्रयोग करायला लावलाय असं वाचलं. ते मला बरं वाटलं. विद्यापीठाने आधी लावून बघावं, भाव सांगावा, घेणारा कोण ते सांगावं. आपल्याकडे राहुरीने केलं तर मी शिवारफेरीला येईन. तोपर्यंत तूरच लावतो, मधली ओळ रिकामी.

बम_बम_नाशिककर

मधली ओळ रिकामी म्हणे 😄

सातपुड्याच्या_पायथ्याशी

येऊन बघ. मूग आहे.