मुलीची खोली: एकच भिंत रंगवा

ताई, सात वर्षांच्या लेकीची खोली पाच हजारांत सजवायची आणि तिलाही कामाला घ्यायचं म्हणताय. जमेल. चारही भिंतींच्या मागे लागू नका, एकच रंगवा. दहा बाय दहा फुटांच्या भिंतीला इमल्शनचे (पाण्यात कालवायच्या भिंतीच्या रंगाचे) दोन हात द्यायला दीड-दोन लिटर पुरतो. बाकीच्या पांढऱ्याच बऱ्या; आपल्या जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा ४५ च्या घरात जातो, तिथे गडद रंग नकोच. पलंगही पश्चिमेच्या भिंतीला लावू नका, ती रात्री उशिरापर्यंत तापलेली असते.

रंग तिनेच निवडावा, पण अख्खं शेड कार्ड हातात देऊ नका. तुम्हाला चालतील अशा तीन छटा काढा, त्यातली एक तिची. खालचा तीन फुटांचा पट्टा तिने रोलरने मारावा, वरचं तुम्ही. सुकल्यावर त्यावर सातपुडा, तापी, केळीच्या बागा तिलाच काढू द्या. रेघ वाकडी गेली तरी कृपा करून दुरुस्त करू नका.

जुन्या दारा-खिडक्यांचा ऑइल पेंट घासताना मात्र तिला लांबच ठेवा. घरगुती रंगात शिसं ९० पीपीएमच्या (दहा लाख भागांत ९० भागांच्या) आत हवं, हा नियम नोव्हेंबर २०१७ पासून लागू आहे. त्याआधीच्या रंगात ते बरंच जास्त असू शकतं आणि त्याची धूळ लहान मुलांना फार घातक. ओलं करूनच घासा, फरशी ओल्या फडक्याने पुसा.

पडद्यांना आजीचं सुती लुगडं छान दिसेल. काम दिवाळीच्या आवराआवरीत काढा. उन्हाळ्यात रंग भराभर सुकून पट्टे दिसतात.